जखम सुकली की भरली?



आपल्याकडे कुणाला लागलं, भाजलं, की चार दिवसांनी भेटणारी प्रत्येक बाई एकच विचारते, ‘सुकली का गं जखम?’ सुकली म्हणजे बरी झाली. ओली राहिली म्हणजे चिघळली. आपल्या बोलीतच हे बसलेलं आहे. म्हणून तर खुरपं लागलं की आपण हळद दाबतो, कुणी चहाची पूड भरतं, कुणी चुलीतली राख किंवा तपकीर. हेतू एकच, की पाणी ओढून घेऊन जखम लवकर कोरडी व्हावी. वर सल्ला असतोच, ‘बांधू नको, वाऱ्यावर ठेव.’

पण आपल्याच भाषेत दुसराही शब्द आहे. ‘जखम भरून आली.’ सुकणं आणि भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक डॉक्टर लोकांना कळायलाही फार वर्षं लागली. आज दवाखान्यात जेलची पट्टी मिळते. बटाट्याच्या चकतीसारखी थंडगार, आरपार दिसणारी, चिकटत नाही. त्यातल्या काही पट्ट्या आणि मलमं समुद्री शेवाळापासून किंवा पिठाच्या खळीपासून केलेली असतात, आणि काहींमधून जंतू मारणारं औषध थोडं थोडं झिरपत राहतं. या पट्टीपर्यंत माणसं कशी पोचली, ते आज सांगणार आहोत. या वाटेवर आपलं मुंबई आणि सोलापूरही लागतं.

सुरुवात जुन्यापासून करू. सुश्रुतसंहितेत जखमेवर करायचे साठ उपचार सांगितले आहेत आणि पट्टी बांधायचे चौदा प्रकार. मध आणि तूप लावणं त्यात आहेच. शिवाय एका उपचाराचं नाव आहे ‘पत्रदान’, म्हणजे औषध लावून वर झाडाचं पान ठेवायचं. औषध कापडात शोषलं जाऊ नये आणि जखमेला ओलावा राहावा, हा त्यातला हिशोब. तिकडे इजिप्तमध्येही साधारण ३६०० वर्षांपूर्वीच्या लिखाणात जखमेवर मध, चरबी आणि कापसाळ धागे लावायला सांगितलं आहे. म्हणजे जुन्या वैद्यांना जखम झाकायची असते हे माहीत होतं. माहीत नव्हते ते जंतू.

जंतूंचा धागा पकडला जोसेफ लिस्टर या डॉक्टरांनी. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात १२ ऑगस्ट १८६५ रोजी त्यांच्याकडे जेम्स ग्रीनलीस नावाचा ११ वर्षांचा मुलगा आणला गेला. गाडीचं चाक पायावरून जाऊन नडगीचं हाड मोडलं होतं आणि वरची कातडी फाटली होती. त्या काळी अशी जखम हमखास पिकायची. मग पाय कापावा लागायचा, नाहीतर माणूस जायचा. लिस्टरनी कार्बोलिक ॲसिडमध्ये भिजवलेलं कापड जखमेवर ठेवलं. हे ॲसिड तेव्हा गटाराच्या पाण्याची दुर्गंधी मारायला वापरत, तिथून त्यांना सुचलं. जखम पिकली नाही. सहा आठवड्यांत हाड जुळलं, मुलाचा पाय वाचला.

इथून जंतुनाशकांचं युग सुरू झालं म्हणतात ते खरंच आहे. पण त्याच मुलाच्या जखमेभोवतीची कातडी कार्बोलिकने सोलवटली होती, हे फारसं कुणी सांगत नाही. जंतू मारणारं औषध नव्या मांसालाही सोडत नाही. आपल्याकडे जखमेवर डेटॉल तसंच ओतणाऱ्या, ‘चुरचुरलं म्हणजे लागू पडलं’ म्हणणाऱ्या आयाबायांनी ही गोष्ट जरूर ऐकावी.

पुढे पहिलं महायुद्ध झालं. खंदकातल्या चिखलात पडलेल्या सैनिकांच्या जखमा भयंकर सडायच्या. तिथे अलेक्झांडर फ्लेमिंग काम करत होते, पेनिसिलीनवाले, पण पेनिसिलीन सापडायच्या आधीची ही गोष्ट. त्यांनी काचेची एक नळी तापवून तिला आतून काटेरी खाचा पाडल्या, वाकड्यातिकड्या जखमेसारख्या. त्यात जंतू सोडले, मग जंतुनाशक ओतून बाहेर काढलं. खाचांमधले जंतू जिवंतच राहिले. शिवाय जंतुनाशकाने शरीराच्या स्वतःच्या पांढऱ्या पेशी आधी मरतात, हेही त्यांनी दाखवलं. म्हणजे एकदम भरपूर ओतून उपयोग नाही.

मग काय करायचं? फ्रान्समधल्या एका युद्ध रुग्णालयात कॅरेल आणि डेकिन या दोघांनी उत्तर शोधलं. ब्लीचिंग पावडरच्या जातीचं सौम्य पाणी तयार करायचं, जखमेत रबराच्या बारीक नळ्या ठेवायच्या आणि दर दोन तासांनी थोडं थोडं पाणी सोडायचं, दिवसरात्र. अनेक पाय आणि हात त्यामुळे वाचले. पण विचार करा, दर दोन तासांनी प्रत्येक खाटेपाशी जाऊन नळीचा चिमटा उघडायचा तो कुणी? नर्सबाईंनी. इतिहासात नावं दोन पुरुषांची आहेत, जागरण त्या बायांचं होतं. आमच्या मते आजच्या औषधी जेलचं मूळ इथेच आहे. जेल करते काय, तर त्या नर्सबाईंचं हे रात्रभराचं काम. औषध थोडं थोडं आणि सतत पोचवणं.

एक गोष्ट मात्र अजून बाकी होती. जखम कोरडी करावी की नाही?

याचं उत्तर १९६२ साली लंडनच्या जॉर्ज विंटर यांनी दिलं. त्यांनी डुकराच्या पाठीवर उथळ जखमा केल्या, कारण डुकराची कातडी माणसाच्या कातडीला बरीच जवळची. काही जखमा उघड्या ठेवल्या, त्यांवर छान खपली धरली. काहींवर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा लावला, त्यामुळे त्या ओलसर राहिल्या. झाकलेल्या जखमांवर नवी कातडी दुप्पट वेगाने आली. कारण समजायला आपल्याला वेळ लागू नये. भाताची लावणी चिखलात होते, भेगाळलेल्या रानात होत नाही. नवी कातडी जखमेच्या काठावरून मध्याकडे सरकत येते. ओलं असेल तर ती सहज सरकते. वर कडक खपली असेल तर तिला खपलीच्या खालून, खोलातून वाट काढावी लागते. पुढच्याच वर्षी माणसांवरही हेच दिसून आलं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. ओलसर म्हणजे पू असलेली, घाण जखम नव्हे. ओलावा स्वच्छ हवा. जखमेला दोन गोष्टी लागतात, ओलावा आणि जंतूंचा बंदोबस्त, आणि दोन्ही एकाच वेळी साधणं हीच सगळी अडचण आहे. कारण जंतूंनाही ओलावाच आवडतो.

आता आपल्याकडे येऊ. जळीत जखमा हा आपल्या देशात मुख्यतः बाया आणि पोरांचा आजार आहे. स्टोव्हचा भडका, पदर पेटणं, पोराच्या अंगावर उकळतं पाणी सांडणं. आणि जे मुद्दाम पेटवलं जातं, तेही आपल्याला माहीत आहे. परदेशातून येणाऱ्या पट्ट्या सरकारी रुग्णालयाला परवडत नव्हत्या. तेव्हा मुंबईच्या परळमधल्या वाडिया मुलांच्या रुग्णालयात डॉ. केसवानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उकडलेल्या बटाट्याची सालं घेतली. ती पट्टीच्या कापडावर लावली, वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक केली आणि भाजलेल्या मुलांना बांधली. १९८५ साली हे त्यांनी परदेशी मासिकात छापलं. साल जखमेला चिकटत नाही आणि खालचा ओलावा उडून जात नाही. पट्टी बदलताना पोर किंचाळत नाही, ही त्यातली मोठीच गोष्ट. पुढे मुंबईतच डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची पट्टी वापरून पाहिली, तीही निर्जंतुक करून, आणि २००३ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. सुश्रुताचं पत्रदान मुंबईच्या वॉर्डात आलं, असं म्हणायला हरकत नाही.

सोलापूरची गोष्ट तर याहून मोठी. तिथल्या वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. सुब्रमण्यम यांनी भाजलेल्या जखमांवर मध लावून पाहिला. नुसता सांगोवांगी नव्हे. १०४ रुग्ण घेतले, निम्म्यांना मध आणि निम्म्यांना भाजल्यावर सगळीकडे वापरतात ते चांदीचं पांढरं मलम. १९९१ साली त्यांनी हिशोब छापला. मध लावलेल्या १०० पैकी ८७ जखमा १५ दिवसांत भरल्या होत्या, मलम लावलेल्या १०० पैकी १०. नंतर १९९६ मध्ये त्यांनी मध आणि बटाट्याची साल यांचाच सामना लावला. साल ओलावा राखते, पण जंतू मारत नाही. मध दोन्ही करतो. मधच जिंकला.

मध जंतू कसा मारतो ते ऐकण्यासारखं आहे. त्यात साखर इतकी असते की जंतूंना पाणीच मिळत नाही. तो आंबट असतो. आणि जखमेतलं पाणी मिसळून तो पातळ होऊ लागला की त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, आपण फेसाळणारं औषध म्हणून ओळखतो तेच, पण अगदी कणाकणाने. म्हणजे हळूहळू औषध सोडायची युक्ती मधमाशीला आधीच माहीत होती. तरी दोन शब्द सावधगिरीचे. मधाच्या जुन्या प्रयोगांपैकी बरेच एकाच ठिकाणचे आहेत, याकडे जाणकारांनी बोट दाखवलं आहे. नंतर जगभरचे प्रयोग एकत्र करून पाहिले तेव्हा फार खोल नसलेल्या भाजण्यावर मधाने जखम साध्या पट्टीपेक्षा सुमारे चार-पाच दिवस लवकर भरते, असं निघालं. पहिल्या आकड्याइतका चमत्कार नाही, पण चार-पाच दिवस म्हणजे चार-पाच दिवसांची मजुरी असते. दुसरं म्हणजे, दवाखान्यातला मध गॅमा किरणांनी शुद्ध केलेला असतो. बाजारातली बाटली फोडून जखमेवर ओतू नका.

आता जेलकडे. पाण्यात सब्जा टाकला की दाण्याभोवती बुळबुळीत कवच येतं. ते बहुतेक पाणीच असतं, पण वाहून जात नाही, कारण बारीक धाग्यांच्या जाळ्यात अडकलेलं असतं. इसबगोल भिजला की तेच, कोरफडीच्या गरातही तेच. असं पाणी धरून बसणारं जाळं म्हणजे हायड्रोजेल. शरीराला चालेल असं जेल माणसाने घडवलं ते प्रागमध्ये, १९६० च्या सुमारास. ओटो विख्टरले या शास्त्रज्ञाने १९६१ च्या नाताळात घरच्या टेबलावर, मुलाच्या खेळण्यातल्या पट्ट्या आणि सायकलचा डायनामो जोडून एक यंत्र केलं आणि त्यावर डोळ्यात बसवायच्या मऊ भिंगा काढल्या. कामाच्या जागी त्यांना कुणी साथ देत नव्हतं. घरच्या टेबलावर उद्योग काढणाऱ्या आपल्यासारख्यांना हा माणूस जवळचा वाटावा.

डोळ्याला चालतं ते जखमेलाही चालेल, हे उघड होतं. पोलंडमधल्या यानुश रोशाक यांनी १९८० च्या दशकात एक नामी पद्धत काढली. त्यांच्या मिश्रणात आगर होतं. आगर म्हणजे आपलं चायना ग्रास, दुधात घालून आपण ज्याच्या वड्या पाडतो ते, समुद्री शेवाळातलं. हे मिश्रण पाकिटात भरायचं, सील करायचं आणि किरणांखाली धरायचं. एकाच फेरीत जेल घट्ट होतं आणि निर्जंतुकही होतं. आपल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानेही किरणांनीच अशी जेल पट्टी तयार केली. तिच्यावरच्या संशोधनातही आगर आणि कॅराजिनन हे शेवाळातले पदार्थ वापरले गेले. भाजण्यावर, मधुमेहाच्या आणि कुष्ठरोगाच्या व्रणांवर ती वापरली गेली आहे. तुर्भ्याला १९७४ पासून वैद्यकीय सामान गॅमा किरणांनी शुद्ध करायचं केंद्र आहे. गावोगावच्या सुईणींसाठीची बाळंतपणाची पाकिटंही तिथे शुद्ध होऊन गेली आहेत.

ही जेल पट्टी ओलावा देते, गारवा देते, ठणका कमी करते. पण साधं जेल जंतू मारत नाही. त्यासाठी जाळ्यात औषध अडकवावं लागतं. याचा सगळ्यात सुंदर नमुना स्वीडनमध्ये झाला, तोही १९८० च्या दशकात. त्याचं नाव कॅडेक्सोमर आयोडीन. आयोडीन पहिल्यांदा सापडलं १८११ साली, फ्रान्समध्ये, समुद्री शेवाळाच्या राखेतून. जंतू मारण्यात पटाईत, पण एकदम लावलं तर आग होते आणि लवकर संपतं. स्वीडनवाल्यांनी स्टार्च घेतला, म्हणजे आपण साड्यांना घालतो त्या खळीतला पदार्थ. त्याचे धागे एकमेकांना असे जोडले की तो विरघळू नये, फक्त फुगावा. त्याचे बारीक मणी केले आणि आयोडीन त्या मण्यांत कोंडलं, शंभरात एक भागाहूनही कमी. मणी जखमेवर गेले की जखमेतलं पाणी आणि पू ओढून फुगतात, जाळं सैल होतं आणि आयोडीन सुटायला लागतं. जखम जितकी जास्त वाहते तितकं औषध जास्त सुटतं. सुरुवातीला रंग तपकिरी असतो. औषध संपत आलं की तो फिकट पांढुरका होतो, म्हणजे पट्टी बदलायची वेळ झाली. घड्याळ बघायला नको आणि रात्री दोन-दोन तासांनी उठायलाही नको. पायाच्या जुनाट व्रणांवर हे वापरतात. मात्र थायरॉइडचा त्रास असलेल्या, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी हे वापरायचं नसतं, म्हणून डॉक्टरांना आधी सांगायचं.

हळदीचं नाव घेतलं नाही तर तुम्ही आम्हाला सोडणार नाही. १९९५ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला ‘जखम भरण्यासाठी हळद’ याचं पेटंट मिळालं. आपल्या आज्यांच्या डब्यातली हळद! तेव्हा केंद्राच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर, मूळचे गोव्यातल्या माशेलचे, मुंबईत गरिबीत वाढलेले. परिषदेने जुने ग्रंथ आणि लेख मिळून ३२ पुरावे दिले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. अभिमान वाटावा अशीच ही लढाई. पण त्यात सिद्ध काय झालं, तर हा उपाय नवा नाही, एवढंच. किराणा दुकानातली हळद जखमेत भरायला सुरक्षित आहे, असं कुणी म्हटलेलं नाही. पुडीत माती येते, जंतू येतात, रंगासाठी शिशाची भेसळही सापडते. मुंबईच्या डॉक्टरांनी बटाट्याची साल आणि केळीचं पान घेतलं ते आधी वाफेत शुद्ध करून. झाड तेच, फरक त्या वाफेचा.

म्हणूनच काही गटांकडून आलेल्या एका प्रश्नाला आम्ही सरळ नाही म्हणतो. कोरफडीचा गर बाटलीत भरून ‘जखमेचं जेल’ म्हणून विकू या का? कुणीतरी एजंट गावात येऊन हे शिकवतो, यंत्रही गळ्यात मारतो. जखमेवर लावायची पट्टी किंवा जेल हे कायद्याने वैद्यकीय उपकरण आहे, त्याला २०१७ च्या नियमांनुसार परवाना लागतो. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, उघड्या मांसावर जाणारा माल स्वयंपाकघरात शुद्ध होत नाही. एखाद्या मधुमेही आजीचा पाय आपल्या बाटलीने गेला, तर ते पैसे कुणाला पचतील? कोरफड पिकवून कारखान्याला विकायची असेल तर जरूर हिशोब मांडू. त्यासाठी खरेदीदाराचा लेखी करार आधी हातात हवा.

सगळ्या उपकेंद्रांत जेलची पट्टी मिळणार नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे. बहुतेक ठिकाणी जाळीदार कापसाची पट्टीच असते आणि ती जखमेला चिकटते. ती ओढून काढली की नवी आलेली कातडीही तिच्यासोबत निघते, आणि चार दिवसांची कमाई एका झटक्यात जाते. तेव्हा सिस्टरना सांगा, आधी सलाइनच्या पाण्याने भिजवा, दोन-चार मिनिटं थांबा, मग काढा. हे सांगायला लाजू नका. भाजल्यावर पहिलं काम म्हणजे नळाचं किंवा हंड्यातलं साधं स्वच्छ पाणी, २० मिनिटं, सतत ओतत राहायचं. बर्फ नको, टूथपेस्ट नको, शाई नको. मग धुतलेल्या सुती कापडाने हलकं झाकून दवाखाना गाठायचा. खुरपं, कोयता, खिळा लागला असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन त्याच दिवशी विचारून घ्यायचं, आणि मधुमेह असलेल्या बाईने पायाची बारीकशी जखमसुद्धा ‘सुकेल’ म्हणून घरी ठेवायची नाही.